नाटुकली की कागदावरचा व्हिडिओ? राजकीय सिद्धांताच्या उताऱ्यांसाठी निवड

बी.ए.च्या वर्गात हॉब्ज, मिल, रॉल्स या राजकीय तत्त्वज्ञांचे मूळ उतारे सगळ्यांच्या लक्षात राहावेत म्हणून विद्यार्थ्यांकडून व्हिडिओ करून घ्यायचे असतील, तर दोन प्रकार समोर असतात. एकात विद्यार्थी प्रसंग करून दाखवतात. दुसऱ्यात फोन वर टांगून, खाली कागदावर आकृती काढत युक्तिवाद समजावतात. व्हिडिओ करणाऱ्यांना दोन्हींचा फायदा होतोच, कारण संहितेसाठी त्यांना उतारा पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. म्हणून निवड करायची ती पाहणाऱ्यांचा विचार करून.

नाटुकली चटकन लक्षात राहते, पण अनेकदा नको तेच लक्षात राहते. हॉब्जच्या ‘लेव्हायथन’मधल्या (१६५१) तेराव्या प्रकरणावर (राज्यसत्ता नसेल तर माणसे कशी वागतील, याविषयीच्या) प्रसंग केला की मारामारी आठवते. ती का होते, हे मात्र निसटते. माणसे क्षमतेने जवळपास समान असतात आणि त्यातूनच स्पर्धा, अविश्वास व कीर्तीची हाव ही भांडणाची तीन कारणे उभी राहतात, हा त्या प्रकरणाचा गाभा आहे. रॉल्सने (१९७१) न्याय्य समाजाची तत्त्वे ठरवणारे लोक ‘अज्ञानाच्या पडद्या’आड आहेत अशी कल्पना केली. तो पडदा डोळ्यांवर पट्टी बांधून दाखवला, तर पाहणाऱ्याला वाटते की त्या लोकांना काहीच ठाऊक नाही. प्रत्यक्षात समाज, अर्थव्यवस्था आणि मानवी स्वभाव यांविषयीची सर्वसाधारण माहिती त्यांना असते. फक्त स्वतःचे स्थान, वर्ग, गुण ठाऊक नसतात. पट्टी वापरायचीच असेल, तर ‘काय माहीत आहे’ आणि ‘काय माहीत नाही’ अशा दोन याद्या शेजारी फलकावर लावाव्यात.

मिलच्या ‘ऑन लिबर्टी’साठी (१८५९) मात्र नाटुकलीच घ्यावी. तिसऱ्या प्रकरणातले धान्यव्यापाऱ्याचे उदाहरण जणू दोन दृश्यांतच लिहिलेले आहे. धान्यव्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे मत वर्तमानपत्रात छापले तर आडकाठी नको. तेच मत व्यापाऱ्याच्या दारात जमलेल्या चिडलेल्या जमावापुढे मांडले तर शिक्षा योग्य ठरू शकते. दोन्ही दृश्यांत वाक्य शब्दशः तेच ठेवा. फरक परिस्थितीत आहे, हे मग सांगावे लागत नाही.

पायऱ्यांनी पुढे जाणाऱ्या युक्तिवादाला कागद हवा. रॉल्सची तत्त्वे तीन पट्ट्यांवर लिहून वरून खाली मांडा: आधी समान स्वातंत्र्ये, मग संधीची न्याय्य समानता, शेवटी भेदतत्त्व (विषमता चालेल, पण सर्वात वंचितांचा फायदा होत असेल तरच). वरची पट्टी ठेवल्याशिवाय खालची ठेवायची नाही, म्हणजे प्राधान्यक्रम दिसतो. आंबेडकरांचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) कागदावरच घ्यावे, असे आमचे ठाम मत आहे. जातींच्या भूमिका वर्गमित्रांमध्ये वाटणे अपमानकारक ठरू शकते. शिवाय जात ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, तीही उतरंडीची, हा मुद्दा आकृतीतून जास्त नेमका कळतो.

मेहनतीतही फरक आहे. कागदी व्हिडिओ दोघे-तिघे एका दुपारी करतात. नाटुकलीला सगळ्यांच्या वेळा जुळवण्यातच दिवस जातात. दोन्हींची लांबी चार मिनिटांच्या आत ठेवा. सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे शेवटी सांगितलेल्या विरामांचा वेळ वगळता संहिता सव्वातीनशे शब्दांची. चित्रीकरणाआधी शिक्षकांनी ती मूळ उताऱ्याशी ताडून पाहावी. चूक नंतर दुरुस्त करायची तर बहुधा सगळे पुन्हा करावे लागते. कागदी प्रकारासाठी पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर पट्टी आडवी ठेवून तिला फोन बांधा, जाड मार्कर घ्या, पंखा बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हिडिओ दाबला जातो आणि बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून एका कागदावर सात-आठ शब्दांपेक्षा जास्त नकोत.

प्रकार कोणताही घ्या, नुसते पाहून फार काळ टिकत नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, पण आठवड्यानंतर आठवून लिहिण्याची चाचणी दिलेले पुढे होते. म्हणून व्हिडिओत दोनदा थांबा, पडद्यावर प्रश्न दाखवा, वीस सेकंद शांतता ठेवा आणि पाहणाऱ्यांना वहीत उत्तर लिहू द्या. आठवड्याने व्हिडिओ न दाखवता तेच प्रश्न विचारा. एवढे जमणार नसेल, तर व्हिडिओवर वेळ घालवण्यापेक्षा प्रत्येकाने पुस्तक मिटून उताऱ्याचे एकपानी टिपण लिहावे आणि मग मूळ पानाशी ताडून पाहावे.