प्रचारात विनोद करायचा, तर कोणावर?

महापालिकेला पहिल्यांदा उभं राहायचं ठरलं की पत्रक छापायच्या आधीच कार्यकर्ते सांगतात, ‘साहेब, भाषणात हसवा.’ त्यांचं चुकत नाही. हसवणारी क्लिप सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते, ड्रेनेजच्या कामाचा हिशेब फिरत नाही. पण विरोधकाची खिल्ली, स्वतःवरचा विनोद आणि परिस्थितीवरचा विनोद मतदाराच्या मनात निरनिराळं काम करतात. त्यातला कोणता घ्यायचा, हे आधी ठरवा.

सर्वांत मोह खिल्लीचा, कारण टाळी जागेवर मिळते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांनी सभांमधून आणि १९५६ साली काढलेल्या ‘मराठा’तून विरोधकांना सळो की पळो करून सोडलं. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला हादरवलं आणि पुण्यातून ना. ग. गोरे लोकसभेत गेले. तिथे हशामागे लोकांची पेटलेली मागणी होती आणि मत द्यायला समोर उमेदवारही होता. २०१९ च्या लोकसभेला राज ठाकरे यांच्या ‘लाव रे तो व्हिडिओ’ सभा तुफान गाजल्या, पण त्यांच्या पक्षाचा उमेदवारच रिंगणात नव्हता. ज्या भाजपची त्यांनी खिल्ली उडवली, त्याच्या आणि शिवसेनेच्या युतीने राज्यातल्या ४८ पैकी ४१ जागा जिंकल्या. सभेतला हशा मोजून मतांचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे दोन दाखले शेजारी ठेवून पाहावेत.

पुण्यात खिल्लीचा आणखी एक तोटा आहे. चार सदस्यांच्या प्रभागात मतदार अ, ब, क, ड अशी चार मतं देतो आणि ती एकाच पक्षाला देईल असं नसतं. समोरच्या पक्षाचा मतदारही एक मत तुमच्या कामाकडे पाहून देऊ शकतो. त्याच्या माणसाची चारचौघांत टर उडवलीत की ते मत गेलं. शिवाय आचारसंहितेत टीकेला धोरण, कार्यक्रम आणि कामगिरी इतकीच मोकळीक आहे. खासगी आयुष्य त्यात येत नाही. कुणाच्या दिसण्यावर किंवा बोलीवर विनोद तर मी माझ्या उमेदवाराला कधीच करू देणार नाही.

स्वतःवरचा विनोद मात्र वजनदार माणसालाच शोभतो. १९८४ च्या निवडणुकीत अमेरिकेचे ७३ वर्षांचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन पहिल्या वादफेरीत अडखळले आणि त्यांच्या वयाची चर्चा सुरू झाली. पुढच्या फेरीत ते म्हणाले, प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा मी राजकीय फायदा उठवणार नाही. प्रतिस्पर्धी माँडेलसुद्धा हसले. रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली, पण ते आधीपासूनच पुढे होते. त्या वाक्याने फक्त शंका मिटवली. तुम्हाला अजून कोणी ओळखत नसेल, तर लोकांना तुमची पहिली ओळख तुमच्या उणिवेनेच होईल.

म्हणून नव्या उमेदवाराने तिसरी वाट धरावी. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली, आणि तिथल्या कित्येक सोसायट्या आजही टँकरवर आहेत. तिथे पुणेरी पाटीच्या धाटणीचं एक वाक्य पुरतं: ‘आमच्याकडे नळ आहे. पाणी टँकरने येते.’ यात कुणाचा अपमान नाही, आणि ऐकणाऱ्याला हे आपल्याच घरचं वाटतं. मात्र विनोदी बोलणं लोक कान देऊन ऐकतात आणि ‘गंमत होती’ म्हणून सोडूनही देतात. हशा ओसरायच्या आत पाण्याची टाकी कुठे अडली आहे, जलवाहिनीचं काम कोणत्या चौकापर्यंत आलं आहे आणि तुम्ही कशाचा पाठपुरावा करणार, हे सांगायलाच हवं. ते सांगता येत नसेल तर विनोद गाळा आणि सरळ बोला.

आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आंबिल ओढ्याचं पाणी ज्या वस्त्यांत शिरलं, तिथे पावसावर विनोद नको. तिथे भाषणही नको. दारोदार जा, दोन मिनिटं बसा, ऐकून घ्या.