‘आर्मीचा नियम आहे’ असं सांगत ताईला लुबाडलं

ताईच्या परवानगीनं हे लिहिते आहे. तिचं नाव, फोटो, बँक यातलं काही सांगणार नाही. पण कुठली थाप मारून किती पैसे काढले ते सगळं सांगणार आहे, कारण याच थापा आत्ता या क्षणी कुणाच्या तरी आईला नाहीतर मावशीला मारल्या जात असतील.

ताई कळव्याला राहते. भाऊजी जाऊन काही वर्षं झाली, मुलगा पुण्याला नोकरीला. फेसबुकवर एका परदेशी माणसाची रिक्वेस्ट आली. अमेरिकन आर्मीत सर्जन, हुद्दा कॅप्टन, सध्या सीरियात तैनात, बायको कॅन्सरनं गेलेली, मुलगी बोर्डिंगमध्ये. रोज सकाळी मेसेज, रोज रात्री मेसेज. तिच्या गुडघ्याचं दुखणं विचारायचा, औषध घेतलंस का विचारायचा. महिन्या-दोन महिन्यांत लग्नाची भाषा सुरू झाली. पुढच्या काही महिन्यांत ताईचे सहा लाखांहून जास्त रुपये गेले.

‘एवढी शिकलेली बाई अशी पैसे देतेच कशी?’ हे आमच्याच नातेवाइकांनी तिच्या तोंडावर विचारलं. मला त्याचा फार राग आला. सैनिकाच्या घरात काय शिकवलं जातं ते त्यांना माहीत नाही असं नाही, ते विसरलेत.

आमचे अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. आमच्या घरात ‘युनिटचा नियम आहे’ म्हटलं की विषय तिथेच संपायचा. अण्णा कुठे आहेत हे आईलासुद्धा ठाऊक नसायचं. पत्त्यावर फक्त नंबर, नाव आणि ‘मार्फत ५६ एपीओ’, म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय. गणपतीला येतो म्हणून पत्र यायचं, आई घर सारवून, अनरसाचे तांदूळ भिजत घालून बसायची आणि मग रजा रद्द झाल्याची तार यायची. कुणी तक्रार करायची नाही, असंच आम्हाला शिकवलेलं. त्यामुळे समोरचा माणूस ‘मी कुठे आहे ते सांगता येत नाही’ म्हणाला तेव्हा ताईला शंका आली नाही, अण्णा आठवले. चोरानं नेमकं तेच वापरलं. तिच्याकडून एक रुपयासुद्धा प्रेमाच्या नावानं मागितला नाही. प्रत्येक वेळी पैसे मागितले ते नियमाच्या नावानं.

व्हिडिओ कॉल का नाही, तर तळावर कॅमेऱ्याला बंदी आहे. स्वतःचे पैसे का वापरत नाही, तर तैनातीत सैनिकाचं बँक खातं गोठवलेलं असतं. भारतात का येत नाही, तर रजेचा अर्ज होणाऱ्या बायकोनं करायचा असतो आणि फी तिनंच भरायची असते. त्याची फी ३५,००० रुपये. मग त्याच्या जागी येणाऱ्या ‘बदली डॉक्टर’चा प्रवासखर्च, १,१०,००० रुपये. त्यासाठी ताईनं एफडी मोडली. आणि घरी कुणाला सांगायचं नाही, कारण ‘ऑपरेशनल सिक्युरिटी’, म्हणजे लष्करी गुप्तता.

तो रजेचा फॉर्म मी प्रिंट काढून नीट बघितला. वर गरुडाचं चित्र, खाली तिरका गोल शिक्का आणि ‘जनरल’ असा हुद्दा लावलेली सही. एका सर्जनची रजा मंजूर करायला थेट जनरल! शिक्क्यावरची अक्षरं मोठी करून पाहिली तर कडेला फाटलेली, म्हणजे कुठून तरी उचलून चिकटवलेली. फॉर्म ज्या पत्त्यावरून आला तो कुणीही फुकट उघडू शकेल असा ईमेल. अमेरिकन सैन्याचे अधिकृत पत्ते ‘डॉट एमआयएल’वर संपतात. पैसे भरायचे ते मात्र दिल्लीतल्या कुणाच्या तरी बचत खात्यावर.

खारेगावात आमच्या ओळखीचे निवृत्त सुभेदार आहेत. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. त्यांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “अगं, हा कॅप्टन कुठला? छातीवर फीत बघ, हा तर आपल्या हवालदारासारखा आहे.” अमेरिकन आर्मीच्या लढाऊ गणवेशात हुद्द्याची खूण छातीच्या मधोमध असते. कॅप्टनला दोन उभे दांडे असतात. या फोटोत उलट्या व्ही-आकाराच्या पट्ट्या होत्या, म्हणजे सार्जंट. दुसऱ्या फोटोत खिशावरचं आडनाव वेगळंच. तो फोटो कुणातरी खऱ्या सैनिकाचा असणार, ज्याला आपला चेहरा कळव्यातल्या एका घरात काय करतोय याची कल्पनाही नाही.

त्यानंतर मी खरे नियम वाचून काढले. ते काही गुप्त नाहीत. पश्चिम आशियात तैनात अमेरिकन सैनिकांना ‘जनरल ऑर्डर नंबर वन’ लागू असते. १९९० साली सौदी अरेबियात फौजा उतरवल्या तेव्हा ती पहिल्यांदा निघाली आणि पुढे वेळोवेळी बदलत गेली. दारू, जुगार, अश्लील साहित्य, युद्धात हाती लागलेल्या वस्तू स्वतःकडे ठेवणं, तिथल्या प्राचीन वस्तू घेणं, अशा गोष्टींना तिच्यात मनाई आहे. संबंधांबद्दलही त्यांचे नियम कडक आहेत. अधिकारी आणि खालच्या हुद्द्याचे सैनिक यांच्यात प्रेमप्रकरण चालत नाही, विवाहित असताना बाहेर संबंध ठेवले तर लष्करी कायद्यानं शिक्षा होऊ शकते. पण हे सगळं सैनिकावर बंधन आहे. मोडलं तर शिक्षा सैनिकाला. त्याच्या होणाऱ्या बायकोनं कळव्यातून फी भरावी असं त्यात कुठेही नाही.

रजेचं तर फारच सरळ आहे. अमेरिकन सैनिकाला महिन्याला अडीच दिवस, म्हणजे वर्षाला ३० दिवस पगारी रजा मिळते. अर्ज त्यानंच त्याच्या वरिष्ठांकडे करायचा. फी शून्य. बँक खातं गोठवणं राहू द्या, युद्धक्षेत्रात तैनात असलेल्यांसाठी त्यांच्याकडे १०,००० डॉलरपर्यंतच्या ठेवीवर वर्षाला १० टक्के व्याज देणारी खास योजना आहे. तैनातीवरचं खाणं, औषधपाणी, प्रवास सगळं सरकारी. अमेरिकन आर्मीची गुन्हे अन्वेषण शाखा तर वर्षानुवर्षं सांगते आहे की सैनिकाच्या रजेसाठी बाहेरच्या कुणीही पैसे भरायचे नसतात.

‘ऑपरेशनल सिक्युरिटी’ मात्र खरी असते. म्हणूनच तर ज्याला ठिकाण सांगायला बंदी आहे तो तळावरचे फोटो आणि विमानाची तारीख अनोळखी बाईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार नाही. गुप्तता पाळायची ती लष्कराच्या हालचालींची, आपल्या सख्ख्या बहिणीपासून बँकेचे व्यवहार लपवण्याची नाही.

सगळ्यात मोठी रक्कम गेली ती पेटीत. त्यानं सांगितलं, मोहिमेत सापडलेल्या डॉलरमधला माझा हिस्सा पेटीत घालून तुझ्याकडे पाठवतोय, सांभाळून ठेव. ही पेटी खरी असती तर त्याच ‘जनरल ऑर्डर’खाली तो कोर्ट मार्शलसमोर उभा राहिला असता! दोन दिवसांनी ‘दिल्ली एअरपोर्ट कस्टम्स’मधून हिंदीत बोलणाऱ्या बाईचा फोन. स्कॅनिंगमध्ये डॉलर दिसलेत, मनी लाँड्रिंगची केस होईल, सर्टिफिकेटचे पैसे भरा, नाहीतर तुमच्या पत्त्यावर पोलीस पाठवते. इथे प्रेम संपलं, निव्वळ धाक उरला. ताईनं नौपाड्यातल्या सराफाकडे पाटल्या गहाण टाकून पैसे भरले. कस्टम ड्युटी कधीही कुणा व्यक्तीच्या बचत खात्यात जात नाही. २०१९ पासून कस्टम्सच्या पत्रव्यवहारावर ‘डीआयएन’ नावाचा ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या वेबसाइटवर तपासता येतो. ताईकडे आलेल्या नोटिशीवर तो नव्हताच.

आपल्या सैन्याच्या नावानंही हेच चाललंय. विवाहमंडळाच्या साइटवर ‘मेजर’ भेटतो, फील्ड पोस्टिंग असल्यानं भेटू शकत नाही आणि लग्नाच्या परवानगीसाठी पैसे मागतो. काकांनी सांगितलं, इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी फी ऐकली नाही. लग्न झाल्यावर कागदपत्रं दिली की ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते, बायकोचं नाव नोंदलं जातं, बस. २०२० च्या जुलैत आपल्या सैन्यानं जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप काढून टाकायला सांगितली होती. वर्दीतले फोटो टाकून अनोळखी बाईशी रात्र रात्र गप्पा मारणारा ‘मेजर’ म्हणूनच संशयास्पद समजा.

खारघर, घोडबंदर रोडला फ्लॅट भाड्यानं द्यायला टाकला की फोन येतो, ‘मी आर्मीत आहे, बदली झालीय, फ्लॅट न बघताच घेतो. आमची पेमेंटची पद्धत वेगळी आहे, आधी तुम्ही क्यूआर स्कॅन करा.’ सोबत कँटीन कार्डाचा फोटोही पाठवतात. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की आपल्याच खात्यातून जातात. आर्मीसाठी यूपीआय वेगळं नाही.

आम्हाला कळलं त्याच रात्री १९३० वर फोन केला. तो राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे. नंतर सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली. शेवटचा हप्ता आदल्याच दिवशी गेला होता, त्यातले काही पैसे पुढच्या खात्यात थांबवता आले. आधीचे मात्र खात्या-खात्यांतून फिरून एटीएममधून निघून गेले होते. तिथे तास मोजले जातात, म्हणून ‘आधी खात्री करू, मग बघू’ करत बसू नका. व्हॉट्सअ‍ॅप चॅट रागानं डिलीट करू नका. ताई करायला निघाली होती, मी मोबाईल काढून घेतला. फॉर्म, नोटीस, खाते क्रमांक, पासबुकातल्या नोंदी, सगळं पोलिसांना लागलं. आयटी कायद्याचं कलम ६६-डी आणि भारतीय न्याय संहितेतली फसवणुकीची व तोतयेगिरीची कलमं लागतात. आमच्या बाबतीत थांबवलेले पैसे परत मिळायला कोर्टाचा आदेश लागतोय. तो अर्ज आम्ही केला आहे.

तक्रारीनंतर थोड्याच दिवसांत ताईला आणखी एक फोन आला. ‘तुमचे गेलेले पैसे आम्ही काढून देतो, सायबर सेलशी आमचं टायअप आहे.’ ताईचं नाव, गेलेली रक्कम, सगळं त्याला तोंडपाठ. पुन्हा तेच, फाइल उघडायची फी आगाऊ, नियम आहे म्हणे. या वेळी ताईनं त्याला विचारलं, “कुठला नियम? कलम सांगा.” फोन कट झाला. तो नंबरही तक्रारीला जोडला आहे.