बूस्टर बदलला म्हणाले, पण नटांवरचं जाळं तसंच होतं

ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल खाली जाईचना. जणू कुणी खाली वीट सरकवून ठेवली होती. वेग फारसा नव्हता म्हणून निभावलं. सीटला पाठ रेटून, अंगातला सगळा जोर लावून गाडी थांबवली तेव्हा समोरच्या बंपरात आणि माझ्यात हातभर अंतर उरलं होतं.

जवळच्या गॅरेजवाल्याने इंजिन चालू ठेवून दोनदा पेडल दाबलं आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला, "साहेब, मास्टर सिलिंडर गळतोय, त्यातलं ऑइल जाऊन बूस्टरपण खराब झालाय. दोन्ही बदलावे लागतील." (मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल दाबून पायाचा जोर चाकांपर्यंत पोचवतो, बूस्टर तो जोर वाढवतो.) असं होतं, ही थाप नाही. सिलिंडरचं मागचं सील गेलं की ऑइल बूस्टरमध्ये उतरतं आणि रबर खातं. फक्त माझ्या गाडीत ते झालं नव्हतं. ब्रेकचं नाव निघालं की माणूस घासाघीस करत नाही. मीही केली नाही.

संध्याकाळी गाडी मिळाली. पेडल एकदम मऊ. बिलात मास्टर सिलिंडर, बूस्टर, ब्रेक ऑइल, मजुरी. जुने पार्ट मागितले, तर "भंगारात गेले." मी मान डोलावली, इथेच माती खाल्ली.

तीन आठवड्यांनी पेडल पुन्हा दगड.

या वेळी दुसऱ्या, वयस्कर मेकॅनिककडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातच लावला नाही. म्हणाले, इंजिन बंद करा आणि चार-पाच वेळा पेडल दाबा. ते कडक झालं. तसं ते चांगल्या गाडीतही होतं, कारण बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम तेवढ्यात संपतो. "आता पाय दाबूनच ठेवा आणि स्टार्ट करा." चांगल्या गाडीत या क्षणी पेडल पायाखालून थोडं खाली सरकतं. माझं तसूभर हललं नाही.

बूस्टर म्हणजे पेडलच्या पुढे बसवलेला मोठा गोल डबा, आत रबरी पडदा. पेट्रोल इंजिन हवा ओढतं तेव्हा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम तयार होतो आणि तो एका जाड पाइपने, वन-वे व्हॉल्व्हमधून, या डब्यात येतो. (डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा पंप असतो.) पेडल दाबलं की पडद्याच्या मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि तीच आपल्या वतीने ढकलते. व्हॅक्यूम पोचला नाही, तर ढकलायला उरतो फक्त आपला पाय. ब्रेक लागतो, पण कितीतरी जास्त जोर लावल्यावर. म्हणून अशी गाडी "हळू हळू नेतो" म्हणत चालवू नये, उचलून न्यावी. मास्टर सिलिंडरची आतली सीलं गेली, तर पेडल उलट पायाखाली हळूहळू बसत जातं, ऑइलमध्ये हवा शिरली तर स्पंजासारखं लागतं. कडक पेडलसाठी आधी सिलिंडर बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मग त्यांनी व्हॅक्यूमचा पाइप चाचपला. इंजिनाजवळच्या वळणावर, खालच्या बाजूला, जिथे वरून नजर जात नाही, तिथे त्यांचं बोट चिकटलं. काळी इन्सुलेशन टेप. तीन-चार वेढे, उष्णतेने गोंद वितळून घसरलेले, आणि त्याखाली पाइपला नखभर चीर. टेप बाजूला करताच फुस्स आवाज स्पष्ट आला. महिनाभर सिग्नलला गाडी थरथरत होती, त्याचंही कारण हेच: चिरेतून जादा हवा इंजिनात जात होती. मी पेट्रोलला दोष देत बसलो होतो.

म्हणजे पहिल्या गॅरेजला खरा दोष सापडला होता. त्यांनी त्यावर टेप गुंडाळली आणि बिल बूस्टरचं लावलं.

पाइप आणि व्हॉल्व्ह बदलायला अर्धा तासही लागला नाही. इंजिन चालू करताच पेडल पायाखाली अलगद उतरलं. मग मेकॅनिक म्हणाले, "बूस्टर नवा आहे म्हणता? जरा खाली वाका." टॉर्च घेऊन मी ड्रायव्हरच्या पायांच्या जागेत डोकं घातलं. माझ्या गाडीत बूस्टर पेडलच्या वर, आतल्या बाजूने चार नटांनी आवळलेला आहे. ते नट काढल्याशिवाय तो निघूच शकत नाही. चारही नटांवर धुळीचा सारखा थर होता, पान्याचा एक ओरखडा नाही, आणि दोन नटांच्या मध्ये कोळ्याचं जाळं शाबूत होतं. मास्टर सिलिंडरचंही तेच. नवा बसवला की ऑइल काढून, हवा काढून ताजं भरावं लागतं. माझ्या गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डबीतलं ऑइल गर्द तपकिरी होतं. नवं ऑइल फिकट पिवळसर आणि आरपार दिसणारं असतं.

नट, जाळं, टेप, ऑइल, सगळ्याचे फोटो काढून परत गेलो. आधी आवाज चढला, मग "पोराने चुकून बिलात टाकलं असेल" झालं. शेवटी मालक जवळ येऊन हळूच म्हणाला, "गाडी ठेवून जा साहेब, संध्याकाळपर्यंत बघून सांगतो." संध्याकाळपर्यंत त्या नटांवर पान्याच्या खुणा उमटल्या असत्या, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. किल्ली खिशात ठेवून मी तिथल्याच स्टुलावर बसलो. तासाभराने बूस्टरचे पैसे परत आले. मास्टर सिलिंडर मात्र आपण बदललाच, असं तो अजूनही म्हणतो.