गोव्याचा काजू घेताना पाकीट नीट वाचा

म्हापसा बाजारातल्या या दुकानात सालासकट भाजलेला काजू घ्यावाच. बी कुठल्या तालुक्यातली, कधी भाजली, हे पाकिटावर छापलंय. विचारलं तर मालक बागायतदाराकडून केलेल्या खरेदीची पावतीही दाखवतात. याचं मोल फार, कारण आफ्रिकेतून आणलेली बी इथे फोडून 'गोव्याचा काजू' म्हणून विकली जाते. गोव्याच्या काजूला 2023 मध्ये जीआय, म्हणजे मूळ प्रदेशाशी जोडलेलं भौगोलिक मानांकन, मिळालं, तरी नुसत्या नावावर जाऊ नका. कारखान्याचा पत्ता गोव्याचा असला म्हणून बी गोव्याची ठरत नाही. पाकिटावरचा 'डब्ल्यू 240' हा प्रतीचा आकडाही गराचा आकारच सांगतो: एका पौंडात 220 ते 240 गर. खटकलं ते एवढंच, की पारदर्शक पाकिटं उन्हात मांडलेली. त्यानं काजू लवकर खवट होतो. आतल्या फळीवरचं मागून घ्या.