कोंबड्यांत साथीचा संशय आला की लॅबच्या रिपोर्टची वाट बघायची, की संशयावरच हलायचं?

नंदुरबार जिल्ह्यात, गुजरातच्या सीमेवरच्या नवापूरनं हा पेच २००६ मध्येच भोगलाय. कोंबड्या पटापट मरत होत्या, आधी मानमोडी (कोंबड्यांचा नेहमीचा राणीखेत रोग) वाटली. बर्ड फ्लूचा विषाणू एच५एन१ असल्याचं १८ फेब्रुवारीला जाहीर झालं, आणि देशातल्या पहिल्या बर्ड फ्लूची कत्तल सुरू झाली.

थांबणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. शंकेपोटी मारलेला पक्षी परत येत नाही, पोल्ट्रीवाल्याच्या डोक्यावर कर्ज मात्र राहतं. शिवाय तेव्हा नवापुरात तपासलेले माणसांचे नमुने निगेटिव्हच निघाले.

पण संशयावर हलणं म्हणजे लगेच कत्तल नव्हे. शेडमधली ये-जा बंद, मजुरांना मास्क-हातमोजे, ताप आलेल्यांवर नजर. अहवाल निगेटिव्ह आला तर हे सगळं दुसऱ्या दिवशी मागे घेता येतं. सुरत-धुळे महामार्गावरून गुजरातेत गेलेली कोंबड्यांची गाडी मागे घेता येत नाही!

उशीर काय करतो, ते माणसांच्या इबोला साथीतही बघा. पश्चिम आफ्रिकेतली साथ मार्च २०१४ मध्ये जाहीर झाली, जागतिक आरोग्य आणीबाणी मात्र थेट ८ ऑगस्टला. बळी अखेर ११ हजारांवर गेले.

म्हणून माझं मत: कत्तलीला पक्का रिपोर्ट हवा, नाकाबंदीला संशय पुरे. आकडे सांगताना संशयित आणि निश्चित वेगळे सांगा, नाहीतर बाजारात अफवाच चालतात.