घरी पीसीबी बनवण्याचा संच : फोंडा तालुक्यातल्या पावसाळ्यात वापरून पाहिल्यावर

गेल्या चतुर्थीला आमच्या घरच्या देखाव्यातले धावते दिवे ऐन आरतीच्या वेळी बंद पडले. झिरो बोर्डावर (नुसती भोके असलेल्या तयार बोर्डावर) हाताने ओढलेल्या तारांपैकी एक सुटली होती आणि तारांच्या त्या गुंत्यात ती कोणती हे शोधायला दुसरा दिवस उजाडावा लागला. गोव्यातल्या माशेल परिसरातले देखावे पाहायला लोक लांबून येतात आणि आमचे घर त्यांच्या वाटेवरच आहे. म्हणून या वर्षी सर्किट नीट छापील बोर्डावर, म्हणजे तारांऐवजी तांब्याच्या पट्ट्या असलेल्या पीसीबीवर, बसवायचे असे मी आणि अकरावीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने ठरवले. जुलैच्या सुरुवातीला मुंबईच्या एका विक्रेत्याकडून घरी पीसीबी बनवण्याचा संच १,१५० रुपयांना मागवला. त्यावर आम्ही तीन बोर्ड बनवले. त्यांपैकी एक पूर्ण फसला, एक कामापुरता जमला आणि तिसरा देखाव्यात बसला. हे परीक्षण त्या तीन बोर्डांच्या अनुभवावरून लिहिले आहे.

संचात १०० × १५० मिलिमीटरच्या, एका बाजूला तांबे असलेल्या पाच कॉपर क्लॅड शीट, टोनर ट्रान्सफरचे दहा पिवळे कागद, नको असलेले तांबे विरघळवणारे २५० ग्रॅम फेरिक क्लोराइड, प्लॅस्टिकचा ट्रे व चिमटा, रबरी हातमोजे, एक मार्कर आणि बोटांनी फिरवायचे छोटे ड्रिल येते. ड्रिलसोबत ०.८ मिलिमीटरचे दोन आणि १ मिलिमीटरचा एक बिट मिळतो. शीट खऱ्या काच-इपॉक्सीच्या, १.६ मिलिमीटर जाडीच्या आहेत. स्वस्त संचांमध्ये तपकिरी रंगाच्या, कागदापासून बनवलेल्या शीट देतात. त्या भोक पाडताना कडेला फुटतात आणि सोल्डरिंगची उष्णता जास्त झाली की त्यांचे पॅड (सोल्डर करायचे तांब्याचे ठिपके) उचकटतात. इथे तसे काही झाले नाही आणि एवढ्या किमतीत ही जमेची मोठी बाजू आहे.

आमचे सर्किट साधे आहे. ५५५ ही टायमरची आयसी (चिप) ठोके देते आणि ४०१७ ही मोजणारी आयसी ते ठोके मोजत दहा पायांवर क्रमाने वीज आणते. या आयसीच्या पायांतून एलईडीची पट्टी पेटवण्याइतका करंट मिळत नाही, म्हणून प्रत्येक पायापुढे बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर लावला. त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे आणि आमचा प्रत्येक टप्पा साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. ४०१७च्या दहा आउटपुटांचा क्रम आणि पायांचे आकडे यांचा मेळ नसतो. पहिले आउटपुट तिसऱ्या पायावर, दुसरे दुसऱ्यावर, तिसरे चौथ्यावर आणि चौथे थेट सातव्यावर येते. एकाच बाजूला तांबे असलेल्या बोर्डावर ते क्रमाने लावायला गेले की ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या पट्ट्या, एकमेकांना छेदू लागतात. आम्ही ट्रॅक पायांच्या सोयीने बाहेर काढले आणि क्रम कनेक्टरच्या तारांमध्ये जुळवला. लेआउट, म्हणजे बोर्डाचा आराखडा, किकॅड या सॉफ्टवेअरमध्ये केला. ते मोफत आहे आणि अकरावीच्या मुलाला आठवडाभरात कामापुरते येते.

पहिला बोर्ड फसला तो संचातल्या माहितीपत्रकामुळे. ‘लेआउट मिरर करून छापा’ असा सरसकट आदेश त्यात दिला आहे आणि आम्ही तो पाळला. कागद इस्त्रीने तांब्यावर दाबला की छाप एकदा आपोआप उलटते. किकॅडमध्ये खालचा तांब्याचा थर आपल्याला वरून, जणू बोर्डाच्या आरपार पाहिल्यासारखा दिसतो, त्यामुळे तो आहे तसाच छापायचा असतो. आम्ही तो मिरर केला आणि आयसीचे पाय आरशातल्यासारखे उलट्या बाजूला गेले. तयार बोर्डावर ५५५ ठेवून पाहताच भाच्याच्या लक्षात आले. ‘मामा, पहिला पाय आठव्याच्या जागी आलाय,’ तो म्हणाला. तोवर एक शीट, एक कागद आणि एक अख्खी दुपार खर्ची पडली होती. तेव्हापासून आम्ही प्रत्येक लेआउटच्या तांब्याच्या थरावर दोन अक्षरे लिहून ठेवतो. ती छापलेल्या कागदावर उलटी दिसली तर तांब्यावर सुलटी उतरतात. माहितीपत्रकात एवढे एक वाक्य असते तर पहिलाच बोर्ड सार्थकी लागला असता.

संचातले पिवळे कागद मात्र उत्तम आहेत आणि माझ्या मते या संचातली सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे बारीक प्लॅस्टिकची पूड. ती उष्णतेने वितळून तांब्याला चिकटते आणि इचिंगच्या वेळी, म्हणजे नको असलेले तांबे रसायनात विरघळवताना, खालच्या तांब्याचे रक्षण करते. इंकजेटच्या शाईने हे काम होत नाही. आमच्याकडे लेझर प्रिंटर नाही, म्हणून आम्ही बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. अनोळखी गुळगुळीत कागद यंत्रात घालायला दुकानदार सुरुवातीला तयार नव्हते. लेआउट आधी साध्या ए-फोर कागदावर छापला, छाप जिथे आली तिथेच पिवळ्या कागदाचा तुकडा वरच्या कडेला चिकटपट्टीने लावला आणि तोच कागद पुन्हा यंत्रात घातला, तेव्हा त्यांचीही हरकत राहिली नाही. छपाई गडद ठेवायला आणि टोनर वाचवण्याची सोय बंद करायला त्यांना आवर्जून सांगावे लागते.

आपल्याकडच्या पावसाळ्यात या कागदाचा एक त्रास होतो, पण त्यात विक्रेत्याचा दोष नाही. हवेतली ओल कागदात मुरते आणि इस्त्रीखाली तिची वाफ होऊन टोनरमध्ये बारीक फोड येतात. आम्ही कागद तांदळाच्या डब्यात ठेवले आणि छपाईपूर्वी त्यांवरून मध्यम गरम इस्त्री फिरवली, तेव्हा फोड थांबले. तांब्याचेही तसेच आहे. समुद्र जवळ असल्याने पाकीट फोडून चार दिवस झाले की शीटवर काळसर डाग पडू लागतात. मी बारीक पॉलिश पेपर शोधत होतो, तेव्हा आई म्हणाली, ‘अरे, हंडा घासतोस तसं सोलं लावून घास.’ भिजवलेली सोलं (आमसुलं) चोळल्यावर दोन मिनिटांत तांबे लखलखीत झाले. त्यानंतर भांड्यांच्या साबणाने धुऊन, पुसून शीट कडेने धरून उचलली, कारण बोटाचा तेलकट ठसा उमटला की तिथे टोनर धरत नाही. इस्त्री चार मिनिटे दाबून फिरवली आणि शीट थंड पाण्यात सोडली. थोड्या वेळाने कागद आपोआप सुटून वर तरंगला आणि तांब्यावर काळे ट्रॅक स्पष्ट उमटलेले दिसले. लेआउटच्या कोपऱ्यात चाचणीसाठी बारीक रेघा ठेवल्या होत्या. त्यांपैकी ०.५ मिलिमीटरची अखंड उतरली आणि ०.३ची दोन ठिकाणी तुटली. आमचे ट्रॅक १ मिलिमीटरचे असल्याने आम्हाला अडचण आली नाही.

संचाचा सर्वांत कच्चा भाग म्हणजे फेरिक क्लोराइडचे पॅकिंग. हे रसायन हवेतली ओल ओढून घेते आणि तिच्यातच विरघळते. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलैत भिंतीदेखील घामेजतात. अशा ठिकाणी येणारे हे रसायन साध्या झिपच्या पिशवीत भरले होते. खोके उघडले तेव्हा पिशवीच्या तळाशी तपकिरी चिखल झाला होता आणि त्यातला थोडा झिरपून माहितीपत्रकावर पसरला होता. त्याचा डाग कपड्यावरून किंवा लादीवरून निघत नाही आणि ते धातूला खाते, म्हणून स्टीलच्या सिंकमध्ये किंवा नळाजवळ त्याचे काम करू नये. रुंद तोंडाच्या, दुहेरी झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ते भरले असते तर किंमत पंधरा-वीस रुपयांनी वाढली असती आणि ती मी आनंदाने दिली असती. त्याहून गंभीर बाब म्हणजे द्रावण तयार करताना ते गरम होते आणि नाकाला झोंबणारी वाफ येते, याची सूचना माहितीपत्रकात शेवटच्या पानावर, केवळ इंग्रजीत आणि अगदी बारीक अक्षरांत आहे. रसायन थोडे थोडे करून पाण्यात घालायचे असते, रसायनावर पाणी ओतायचे नसते. शाळकरी मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूवर ही सूचना पहिल्या पानावर हवी.

इचिंगला दहा मिनिटे लागतात असे माहितीपत्रक सांगते. पडवीत पाऊस ऐकत बसलो असताना साध्या पाण्यात केलेल्या द्रावणाला दुसऱ्या बोर्डासाठी ३५ मिनिटे लागली. तिसऱ्या वेळी ट्रे गरम पाण्याच्या टबात ठेवला, तेव्हा १५ मिनिटांत काम झाले. द्रावण गडद तपकिरी असल्याने त्यातून काही दिसत नाही आणि शीट अधूनमधून चिमट्याने उचलून पाहावी लागते. पहिल्या खेपेला फक्त तांब्याची चकाकी जाऊन ते फिकट गुलाबी झालेले दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला शीटच्या कडेने तांब्याची किनार विरते आणि खालचा पिवळसर हिरवा थर उघडा पडतो. तो आत आत सरकत जातो आणि शेवटी मध्यभागी रुपयाएवढे तांब्याचे एक बेट उरते. जेमतेम ३५ मायक्रॉन जाडीचा हा थर डोळ्यांदेखत विरताना पाहणे हा या संचातला सर्वांत सुंदर भाग आहे. ते बेट विरले की शीट लगेच बाहेर काढून धुवावी, कारण आणखी ठेवली तर द्रावण टोनरच्या खाली बाजूने शिरून ट्रॅक खाऊ लागते.

भोके पाडण्याबद्दल थोडक्यात सांगतो. आमच्या बोर्डावर शंभराहून अधिक भोके होती. बोटांनी फिरवायचे ड्रिल अचूक आहे, पण त्याने वेळ फार लागतो आणि मनगट भरून येते. काचेच्या तंतूंमुळे बिट लवकर बोथट होतो. आमचा एक बिट साठाव्या भोकाच्या आसपास, हात किंचित कलल्यामुळे तुटला. बिट दोन ठेवण्यात विक्रेत्याने शहाणपण दाखवले आहे. भोकांतून निघणारी पूड काचेची असल्याने तोंडावर मास्क हवा आणि तो संचात नाही. तयार ट्रॅकवर संरक्षणासाठी लावायला लॅकरही (वार्निशसारखा लेप) नाही. आपल्या हवेत उघडे तांबे महिन्याभरात हिरवट पडते, म्हणून आम्ही राळ स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा एक हात ब्रशने दिला. सोल्डर त्यावरूनही उत्तम बसतो.

आता वापरलेल्या द्रावणाविषयी, कारण माझी मुख्य तक्रार इथेच आहे. बोर्ड धुतला की माहितीपत्रक संपते. ट्रेमध्ये उरलेल्या त्या लिटरभर द्रावणाचे काय करायचे यावर त्यात एक शब्द नाही. त्यात विरघळलेले तांबे असते. आमच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) पोफळींवर कोळे रोगासाठी मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात, त्यामुळे तांबे बुरशीला मारते हे इथल्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. तेच तांबे पाण्यात उतरले की मासे आणि गोगलगायी यांनाही घातक ठरते. आमच्या गावात सांडपाणी सोकपिटात (शोषखड्ड्यात) जाते आणि विहीर तिथून फार दूर नाही. अशा घरात हे द्रावण न्हाणीत ओतणे हा विचारही मला सहन होत नाही.

आम्ही पुढीलप्रमाणे केले. द्रावण एका वापरानंतर वाया जात नाही, त्याचे काम फक्त मंद होत जाते. म्हणून तिन्ही बोर्ड एकाच द्रावणात काढले आणि मधल्या काळात ते नाव लिहिलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवले. ते निकामी झाल्यावर अंगणात, मोठ्या प्लॅस्टिकच्या बादलीत त्यात धुण्याचा सोडा चमचा-चमचा घातला. एकदम घातला तर कार्बन डायऑक्साइडचा फेस काठावरून उतू जातो. फेस येणे थांबले आणि तळाशी हिरवट तपकिरी गाळ बसला, तेव्हा वरचे पाणी वेगळ्या बाटलीत काढले आणि गाळ घट्ट झाकणाच्या बरणीत भरला. दोन्ही घातक कचरा म्हणून वेगळे ठेवले आहेत आणि गटारात काहीही सोडलेले नाही. दोनशे ग्रॅम सोड्याची पुडी आणि या पाच ओळी संचात घालणे विक्रेत्याला सहज शक्य आहे.

केवळ एक तयार बोर्ड हवा असेल आणि हाताशी महिनाभर वेळ असेल, तर लेआउटची फाइल एखाद्या पीसीबी कारखान्याला पाठवावी. भोके पाडलेले, हिरवा सोल्डर मास्क (संरक्षक थर) चढवलेले बोर्ड घरपोच येतात. पण चतुर्थी तोंडावर आली असताना आज केलेली चूक उद्याच्या बोर्डावर सुधारता येणे मोलाचे असते आणि तिथे हा संच खरोखर उपयोगी पडतो. घरातल्या मुलाला तांबे, टोनर आणि रसायन यांचा परस्परसंबंध हाताने कळावा अशी इच्छा असेल, तर मोठे माणूस शेजारी बसणार या अटीवर मी तो घ्यायला सांगेन, आणि शक्यतो पावसाळा संपल्यावर. दुसऱ्यांदा घेणाऱ्याने पूर्ण संचाऐवजी पिवळे कागद आणि काच-इपॉक्सीच्या शीट सुट्या घ्याव्यात आणि फेरिक क्लोराइड बाटलीतले पाहून घ्यावे. पाचपैकी साडेतीन गुण देतो. अर्धा गुण पॅकिंगसाठी कापला आणि पूर्ण एक गुण माहितीपत्रकासाठी.

उरलेल्या दोन शीट, सात कागद आणि ड्रिल भाच्याने डिचोलीच्या एका मित्राला द्यायचे ठरवले आहे. खोक्यात त्याने इंग्रजी माहितीपत्रकावर स्वतः लिहिलेले मराठी पान चिकटवले आहे. त्याची पहिली ओळ ‘आधी पाणी, मग रसायन’ अशी आहे, दुसरी ओळ मिरर न करण्याविषयी आहे आणि उरलेले अर्धे पान सोड्याविषयी आहे.