न बदललेला मास्टर सिलिंडर

आमच्या अकरा वर्षे जुन्या गाडीचे ब्रेक पेडल गेल्या उन्हाळ्यात मऊ लागू लागले. पाय ठेवला की ते स्पंजासारखे दबत असे आणि दोन-तीन वेळा पंप केल्यावरच घट्ट होई. पुण्यातील एका गॅरेजच्या मालकाने पाच मिनिटांत मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, गेल्याचे सांगितले. नवा सिलिंडर, संपूर्ण ब्रेक ऑइल बदल आणि चारही चाकांच्या ब्रेक नळ्यांत अडकलेली हवा काढण्याची मजुरी असे मिळून ८,६०० रुपये मी रोख दिले आणि पक्क्या बिलाऐवजी हाताने लिहिलेली चिठ्ठी घेतली. पेडल खरोखरच वर आलेले होते, म्हणून जुना सिलिंडर दाखवा असे म्हणण्याचे मला सुचले नाही. हँडब्रेक मात्र पूर्वी सहा-सात खटक्यांवर लागत असे, तो आता दोनच खटक्यांत लागत होता. हे माझ्या लक्षात आले होते, पण त्याचा अर्थ कळला नाही.

तीन आठवड्यांनी पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताना पेडल जवळजवळ तळाला गेले. पत्नी आणि आई गाडीत होत्या. दुसरा गिअर टाकून आणि हँडब्रेक हळूहळू ओढत मी गाडी डोंगराच्या बाजूला थांबवली; त्यावेळी मागच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता. तासाभराने पेडल थोडे परतले.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, परंतु पाणी मुरल्यावर ही मर्यादा सुमारे १५५ अंशांपर्यंत उतरते आणि उकळलेल्या ऑइलची वाफ नळीत दबत राहिल्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. तीन आठवड्यांपूर्वी बदललेले ऑइल इतक्यात असे होणे मला पटेना, म्हणून गाडी टो करून घरी आणली आणि पुतण्याला मदतीला घेऊन स्वतःच हवा काढायला बसलो.

गाडी स्टँडवर घेऊन, पुढच्या चाकांना दगड लावून आणि उत्पादकाच्या पुस्तिकेतील क्रम पाहून मी मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. तिथल्या ब्लीडर निपलवर, म्हणजे ब्रेकमधील हवा आणि ऑइल बाहेर सोडण्याच्या छोट्या तोटीवर, वर्षानुवर्षांचा चिखल वाळलेला होता आणि गंज इतका होता की गंजमोड्या तेल मारून रात्रभर ठेवल्यावरच ते रिंग पान्याने फिरले. चारही निपलांची हीच अवस्था होती, म्हणजे त्यांना कोणी हातच लावला नव्हता. पुतण्या पेडल दाबून धरी, मी निपल किंचित उघडी, आणि त्याने पाय उचलण्याआधी बंद करी. पारदर्शक नळीतून काळपट ऑइल आणि बुडबुडे येत राहिले. मास्टर सिलिंडरही जुनाच होता, त्याच्या नटांवरचा गंज तसाच्या तसा होता. सुमारे एक लिटर नवे ऑइल वापरल्यावर पेडल टणक झाले.

मग पेडल वर आले कसे? हँडब्रेकची केबल ताणून ठेवली होती. त्यामुळे मागचे ब्रेक शू (घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला जवळजवळ टेकून राहतात, पेडल उंच लागते आणि ग्राहकाला काम झाल्यासारखे वाटते. शू सतत घासत राहिल्याने त्याच चाकांत उष्णता साठते, आणि माझ्या मते घाटात घडले ते यामुळेच. मास्टर सिलिंडर आतून गळत असेल, तर इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखे दाबून धरल्यास ते हळूहळू खाली सरकते. पंप केल्यावर घट्ट होणारे पेडल सरकत नसेल, तर आधी हवेचा किंवा मागच्या शूंच्या ढिलाईचा संशय घ्यावा. ही परीक्षा गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी उभ्या गाडीत करता येते, आणि मी ती केली नव्हती. एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरशिवाय सगळी हवा निघत नाही, त्यामुळे त्यांच्यावर घरी प्रयोग करू नयेत.

मालकाने पैसे परत करण्यास नकार दिला आणि ती चिठ्ठी आपली नसल्याचे सांगितले. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. निपलांची छायाचित्रे आणि काळ्या ऑइलची बाटली जपून ठेवली आहे.